इंद्रसेना कुठे गेली?

(नागपुरात पालक आणि प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं हे संपादित शब्दांकन.)

नमस्कार. कूलरचा आवाज मोठा आहे, पण मे महिन्यात नागपुरात कूलर बंद करा म्हणण्याची माझी हिंमत नाही. मीच जरा मोठ्यानं बोलते. चाळीस वर्षं चौथीच्या वर्गाला शिकवलंय, आवाजाची सवय आहे.

सुरुवातीला एका पुस्तकातलं पहिलं वाक्य वाचून दाखवते. पुस्तकाचं नाव सांगणार नाही, ते छापणाऱ्यांशी माझं काही वैर नाही. मुलांसाठीची नल-दमयंतीची गोष्ट आहे. गुळगुळीत कागद, पानोपानी रंगीत चित्रं. वाक्य असं: 'फार फार वर्षांपूर्वी, दूरच्या एका देशात विदर्भ नावाचं राज्य होतं.'

हसलात ना? मीही दुकानात उभ्या उभ्या हसले होते. पुस्तक बर्डीवर विकायला ठेवलेलं, घेणारी मी नागपूरची, वाचणारा माझा नातू नागपूरचा, आणि विदर्भ कुठे तर दूरच्या देशात! अहो, आपण बसलोय तोच तो देश. दमयंतीच्या बापाचं गाव कुंडिनपूर. परंपरा सांगते की वर्धा नदीच्या काठचं, अमरावती जिल्ह्यातलं कौंडिण्यपूर म्हणजेच ते. रुक्मिणीचं माहेरही तेच, आणि आषाढीला तिची पालखी तिथूनच पंढरपूरला जाते. इथून गाडीनं निघालात तर दोन-अडीच तासांत पोचाल. माझी आजी आर्वीची. नदीच्या अलीकडे आर्वी, पलीकडे कौंडिण्यपूर. ती गोष्ट सुरू करायची तीच मुळी अशी: 'दमयंती आपल्याच नदीपल्याडची पोरगी व्हय.' नात्यातल्या कुणाची तरी खबर सांगावी तशी.

आता त्या पुस्तकवाल्यांनी असं का लिहिलं असेल? इंग्रजीत आधी लिहिलं, मग मराठीत उतरवलं, एवढंच. इंग्रजी पुस्तक कुठल्याही गावच्या मुलासाठी असतं, म्हणून त्यात सगळंच दूर असतं. भाषांतर करणाऱ्याला वाटेत विदर्भ भेटला, पण त्यानं ओळख दाखवली नाही. मी तरी ते पुस्तक विकत घेतलं. का घेतलं ते पुढे येईल, आणि घेऊन पस्तावले तेही येईल.

मला विषय दिला होता 'मुलांसाठी लोककथांची पुस्तकं कशी निवडावीत'. एवढा मोठा विषय तासाभरात मावत नाही. म्हणून मी एकच गोष्ट धरते. ही लोककथा की महाभारतातली कथा, असा वाद कुणी घालू नये. आजीच्या तोंडून, कीर्तनकाराच्या तोंडून, कॅलेंडरवरच्या चित्रातून जी गोष्ट घरात येते ती लोकांचीच असते, मग तिचं गोत्र काहीही असो.

मूळ ठिकाण मात्र माहीत असावं. वनपर्वात पांडव रानात आहेत. युधिष्ठिर जुगारात सगळं घालवून बसलाय, आणि म्हणतोय की माझ्याइतका दुर्दैवी राजा दुसरा कोणी झाला असेल का? तेव्हा बृहदश्व नावाचे ऋषी म्हणतात, झालाय, ऐक. म्हणजे ही गोष्ट हरलेल्या माणसाला धीर यावा म्हणून सांगितलेली आहे. हे लक्षात ठेवा, कारण मुलांच्या पुस्तकांतून नेमकं हेच पहिल्यांदा गळतं. आणि 'मूळ फार अवघड हो' असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. १८१९ साली फ्रान्झ बॉप नावाच्या जर्मन पंडितानं ही कथा लंडनमध्ये लॅटिन भाषांतरासह छापली, आणि पुढे युरोपातल्या कितीतरी विद्यार्थ्यांनी संस्कृत शिकायला सुरुवात केली ती हिच्यापासून. इतकी ती सोपी, सरळ आहे. लांब मात्र आहे. जवळजवळ तीस अध्याय. तेव्हा मुलांसाठी लिहिणाऱ्याला कात्री लावावीच लागते. कात्री लावली म्हणून माझी तक्रार नाही. ती कुठे लावली, हे मी बघते.

आपल्या मराठी मनात या गोष्टीचा अर्धाच भाग पक्का बसलाय. 'कठिण समय येता कोण कामास येतो' हे आपण सगळे म्हणतो, उसने पैसे मागायला गेल्यावर तर हमखास. ते कुठलं? रघुनाथ पंडितांच्या नल-दमयंती स्वयंवराच्या आख्यानातलं. नलाच्या बागेत हंस उतरलेत, जलक्रीडा चालली आहे, आणि नलानं एकाला पकडलं. बाकीचे सगळे भुर्रकन उडून गेले. त्या एकट्या पडलेल्या हंसासाठी ती ओळ आहे. नलानं सोडल्यावर दमयंतीपाशी जाऊन नलाचं कौतुक सांगणाऱ्या त्याच हंसाचं राजा रविवर्म्यानं १८९९ साली काढलेलं चित्र, लाल लुगड्यातली दमयंती आणि तिच्यासमोर पांढराशुभ्र हंस, त्याच्या छापील प्रती कितीतरी घरांच्या भिंतींवर होत्या. आमच्याकडे होती, फ्रेमला वाळवी लागेपर्यंत. महाभारतातले हंस सोन्यानं मढल्यासारखे आहेत, पण रविवर्म्यानं पांढरा काढला आणि तेव्हापासून मुलांच्या पुस्तकांतला हंस बहुतेक पांढराच. ते असो, हंसाच्या रंगावरून मी भांडणार नाही.

तर हंस आणि स्वयंवर, इथवर कुणीही लिहो, चांगलंच लिहितो. मंडपात एकसारखे पाच नल उभे आहेत. त्यांतले चार देव: इंद्र, अग्नी, वरुण आणि यम. खरा ओळखायचा कसा? देवांना घाम येत नाही, पापणी लवत नाही, गळ्यातली माळ कोमेजत नाही, पाय जमिनीला टेकत नाहीत. ज्याला घाम आलाय, ज्याची सावली पडली आहे, ज्याच्या माळेची फुलं सुकलीत, तो माणूस, तोच नल. हे कोडं आहे, आणि कोडं मुलांना आवडतंच. चार-पाच वर्षांच्या मुलाला गोष्ट इथेच थांबवून सांगितली तरी चालेल. मी शिशुवर्गात पाच मुलांना एका ओळीत उभं करून हा खेळ घेते. पापणी न हलवता उभं राहायचं. एकही देव होत नाही, सगळेच नल होतात.

खरी परीक्षा त्याच्या पुढे आहे.

नल भाऊ पुष्कराशी फासे खेळतो, महिनोन् महिने खेळतो, राज्य घालवतो. दोघं नवरा-बायको अंगावरच्या एका वस्त्रानिशी रानात जातात. तीन दिवस पोटात फक्त पाणी. नलाला सोनेरी पंखांचे पक्षी दिसतात. पकडून खाऊ म्हणून तो आपलं वस्त्र त्यांच्यावर टाकतो आणि ते वस्त्र घेऊन पक्षी उडून जातात. जाता जाता सांगतात, अरे, आम्हीच ते फासे! तुझ्या अंगावर वस्त्र राहिलेलंही आम्हाला बघवलं नाही.

आता मुलांच्या पुस्तकात राजाला उघडं कसं दाखवायचं? लिहिणाऱ्याला घाम फुटतो. मग पक्षी राजाचा मुकुट नेतात, नाहीतर शिदोरी. मी स्वतः असं वाचलंय. आणि शिदोरी नेली की पुढचं सगळंच कोसळतं. का? कारण आता दोघांत एकच वस्त्र आहे, आणि त्या एका वस्त्रावर उरलेली गोष्ट टांगलेली आहे.

दमयंतीला नल रस्ते दाखवतो. हा अवंतीवरून दक्षिणेला जातो, तो विंध्य, ती पयोष्णी नदी, हा रस्ता विदर्भाला जातो, हा कोसलाला. एकदा नाही, परत परत दाखवतो. दमयंती शहाणी आहे. ती म्हणते, महाराज, तुम्ही मला हा रस्ता सारखा का दाखवता? तुमच्या मनात मला सोडून जायचं नाही ना? जायचंच असेल तर दोघंही विदर्भाला जाऊ, माझे वडील तुम्हाला मानानं ठेवतील. आजी हा भाग सांगायची तेव्हा आवाज खाली आणायची. 'विदर्भाचा रस्ता दाखोते अन् सोता येत नाई,' म्हणायची. मला तेव्हा वाटायचं, आपल्याच गावाचा रस्ता, त्यात घाबरायचं काय? मोठं झाल्यावर कळलं. बाईला माहेरचा रस्ता दाखवणं म्हणजे काय, हे या सभेतल्या बायकांना मी सांगायला नको.

मग रात्री एका पडक्या धर्मशाळेत ती झोपते. तो उठतो. तिथे एक उघडी तलवार पडलेली असते. तिनं तो तिच्या अंगावरचं अर्धं वस्त्र कापून घेतो आणि निघतो. थोडा जातो, परत येतो. पुन्हा जातो, पुन्हा परत येतो. मुळात म्हटलंय, झोक्यासारखं त्याचं मन जातं-येतं. किती सोपी उपमा आहे! तिसरीतल्या मुलालाही कळते, कारण झोका त्याच्या अंगवळणी पडलेला असतो. शेवटी झोका एका बाजूला जातो तो परत येत नाही.

दुकानात पुस्तक हातात घेतलंत की आधी हे पान शोधा. मुखपृष्ठ नंतर बघा. हे पान असेल, त्यात कापलेलं वस्त्र असेल, गेलेला आणि परत आलेला नल असेल, तर बाकी पुस्तकात चार चुका असल्या तरी घ्या. आणि हे पान एका वाक्यात उरकलेलं असेल, 'नंतर दुर्दैवाने दोघांची ताटातूट झाली', तर ठेवून द्या. ताटातूट आपोआप होत नाही. कोणीतरी उठून जातं.

इथे एक पळवाट आहे, ती फार पुस्तकं वापरतात. नलाच्या अंगात कली शिरलेला आहे, हे मुळातही आहे. स्वयंवराला उशिरा पोचलेला, रागावलेला कली. बारा वर्षं तो टपून बसतो आणि नलानं एकदा पाय न धुता संध्या केली एवढ्याशा फटीतून आत शिरतो. (हे ऐकून माझ्या वर्गातली मुलं आठवडाभर चांगले पाय धुवायची. गोष्टींचे असेही उपयोग असतात.) तर पुस्तकात मग काय होतं? शिंगं असलेला, लाल डोळ्यांचा एक राक्षस काढला जातो, आणि सगळं त्यानं केलं. राजा बिचारा निर्दोष. पण झोका काय सांगतो? कली ओढतो आणि प्रेम परत ओढतं, दोन्ही ओढी त्याच एका माणसाच्या आत आहेत. ज्या मुलानं घरात मोठ्या माणसाला रागात काहीतरी करून नंतर पस्तावताना पाहिलंय, त्याला हे शिंगंवाल्या राक्षसापेक्षा लवकर समजतं. आणि असं पाहिलेलं नाही असं मूल मला अजून भेटलेलं नाही.

आता मी पस्तावले कशी ते सांगते.

दर शनिवारी संध्याकाळी आमच्या वस्तीतल्या वाचनालयात मी गोष्टी वाचते. पंधरा-वीस मुलं येतात. तेच गुळगुळीत पुस्तक नेलं होतं, म्हटलं चित्रं मोठी आहेत, मागच्यांनाही दिसतील. वाचून झालं. नल-दमयंती भेटले, राज्य मिळालं, सगळे सुखात राहू लागले. एक मुलगी होती, आठेक वर्षांची. बाई, त्यांना मुलं नव्हती का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, होती ना. दोन होती. मुलगा इंद्रसेन, मुलगी इंद्रसेना. ती म्हणाली, मग ती कुठे होती इतके दिवस?

मी पुस्तक चाळलं. नव्हतीच. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत त्या दोन मुलांचा पत्ता नाही. मुलांसाठीचं पुस्तक, आणि गोष्टीतली मुलंच काढून टाकलेली!

मुळात काय आहे बघा. जुगार थांबत नाही हे दिसल्यावर दमयंती रडत बसत नाही. ती नलाचा जुना सारथी वार्ष्णेय याला बोलावते आणि सांगते, मुलांना रथात घाल आणि कुंडिनपूरला माझ्या माहेरी पोचव. रथ, घोडे तिथेच ठेव. मग तुला हवं तर तिथे राहा, नाहीतर दुसरीकडे जा. सगळं बुडणार हे दिसताच तिनं आधी लेकरं बाहेर काढली. आजी हे सांगताना थांबायची, कारण तिच्या लेखी ही गोष्टीतली सगळ्यात शहाणी जागा होती. पुढे दमयंती रानातून भटकत चेदीच्या राजवाड्यात दासी होऊन राहते. तिच्या भुवयांमधल्या तिळावरून तिची ओळख पटते आणि राजमाता तिची सख्खी मावशी निघते. तेव्हा ती मावशीला काय म्हणते? माझी दोन लहान लेकरं तिकडे आहेत, बाप नाही, मीही नाही, कशी असतील ती? मला विदर्भाला जाऊ द्या. तिच्या सांगण्यावरून नलाला शोधायला माणसं धाडली जातात ती त्यानंतर, ती मुलांपाशी पोचल्यावर.

आणि मुलं काढली की गोष्ट तांत्रिकदृष्ट्याही मोडते. तो वार्ष्णेय मुलांना पोचवून अयोध्येला जातो, ऋतुपर्ण राजाकडे सारथी म्हणून राहतो. कर्कोटक सापाच्या दंशानं रूप पालटलेला नलही, बाहुक या नावानं, त्याच राजाकडे येतो. पुढे बाहुक घोडे हाकायला लागतो तेव्हा मागे बसलेला वार्ष्णेय विचारात पडतो: हे हात मी ओळखतो, पण हा माणूस तो नाही. माझ्या मते हा अस्सल रहस्यकथेतला प्रसंग आहे. मुलं गेली की वार्ष्णेय गेला, आणि वार्ष्णेय गेला की रथात नुसती धूळ उरते.

शेवटी बाहुक ऋतुपर्णाचा रथ घेऊन कुंडिनपूरला येतो आणि दमयंतीला संशय येतो की हा ठेंगू बाहुकच नल. ती दासी केशिनीला पाळत ठेवायला पाठवते. केशिनी येऊन सांगते, त्यानं रिकाम्या घागरीकडे पाहिलं की पाणी भरतं, गवताची काडी धरली की पेट घेते. त्यानं रांधलेल्या जेवणाची चव दमयंती घेऊन बघते, आणि चव ओळखते. चांगल्या स्वयंपाकाला आपण 'नलपाक' म्हणतो तो यावरूनच. पण एवढ्यानंही तिची खात्री होत नाही. मग ती दोन्ही मुलांना केशिनीबरोबर त्याच्याकडे पाठवते. तो धावत येऊन त्यांना उचलतो, छातीशी धरतो, मोठ्यानं रडतो. मग एकदम भानावर येतो, मुलांना सोडतो आणि केशिनीला म्हणतो, ही जोडी अगदी माझ्या मुलांसारखी दिसते, म्हणून डोळ्यांत पाणी आलं. आणि तू सारखी इकडे येऊ नकोस, लोक भलतंच बोलतील! रडता रडता माणूस थाप मारतो, तीसुद्धा अशी कच्ची. इतकं माणसासारखं पान काढून टाकायचं आणि मुलांच्या हाती काय द्यायचं? हंस?

म्हणून माझी दुसरी कसोटी: पुस्तकात इंद्रसेना शोधा.

आता 'तात्पर्या'बद्दल थोडंसं. कित्येक पुस्तकांत शेवटी चौकट असते. 'तात्पर्य: जुगार खेळू नये.' जुगार खेळू नये हे खरंच आहे, माझा त्याला विरोध नाही. पण ही गोष्ट ते म्हणत नाही. नल बरा होतो कसा? फाशांचं शास्त्र नीट शिकून! आणि राज्य परत मिळवतो कसं? त्याच पुष्कराशी पुन्हा फासे खेळून, एका डावात! तात्पर्यवाल्यांची इथे फार पंचाईत होते. एका पुस्तकात तर मी नल आणि पुष्कराचं युद्ध वाचलं, बाण, रथ, हत्ती सगळं. तात्पर्य वाचवण्यासाठी लढाई घडवून आणली. आणि खरी गोष्ट काय आहे? जिंकल्यावर नल पुष्कराला सोडून देतो, त्याचा वाटा त्याला परत देतो, भाऊ म्हणून निरोप देतो. ज्याला मुलांना काही शिकवायचंच आहे त्यानं निदान इथे तरी थांबावं.

ते शास्त्र शिकण्याची जागा मला सगळ्यात आवडते, म्हणून तिच्यावर जरा रेंगाळते. उद्या सूर्योदयाला दमयंतीचं दुसरं स्वयंवर आहे, असा निरोप अयोध्येला पोचतो. स्वयंवर वगैरे काही नसतं. एका दिवसात शंभर योजनं रथ हाकेल असा माणूस एकच आहे, हे तिला ठाऊक आहे. रथ सुटतो. ऋतुपर्णाचं उपरणं उडून पडतं. तो म्हणतो, थांबव, वार्ष्णेय आणेल. बाहुक म्हणतो, ते केव्हाच एक योजन मागे राहिलं. मग एक बेहड्याचं झाड लागतं. ऋतुपर्ण आपली विद्या दाखवायला म्हणतो, या दोन फांद्यांवर पाच कोटी पानं आहेत आणि २०९५ फळं. बाहुक रथ थांबवतो आणि म्हणतो, मी मोजल्याशिवाय मानणार नाही. राजाला उशीर होतोय, तो काकुळतीला आलाय, आणि हा झाडाखाली उभा राहून फळं मोजतोय! मोजतो, तर बरोबर तेवढीच. मग अदलाबदल: तू मला फाशांची आणि गणनेची विद्या दे, मी तुला घोड्यांची देतो. ती विद्या मिळताक्षणी कली नलाच्या अंगातून बाहेर पडतो आणि त्या बेहड्यात शिरतो. पूर्वी फासे म्हणून बेहड्याचीच फळं वापरत, म्हणजे कली आपल्या घरीच गेला म्हणायचं. बेहडा आपल्या पेंचच्या जंगलात आहे, आणि काष्ठौषधीच्या दुकानात हिरड्याशेजारीच असतो. पाच-सहा फळं आणून वर्गात ठेवा. २०९५ हा आकडा पुस्तकात असेल तर लिहिणाऱ्यानं मूळ उघडून पाहिलंय हे समजा. 'असंख्य पानं' लिहिलं असेल तर त्यानं दुसऱ्याचं पुस्तक बघून लिहिलंय.

आणि हो, ऋतुपर्ण कुंडिनपूरला पोचतो तेव्हा स्वयंवराचा मांडव नाही, पाहुणे नाहीत, काही नाही. दमयंतीच्या वडिलांनाही यातलं काही माहीत नाही. ते विचारतात, कसं येणं केलंत? बिचारा म्हणतो, सहज, तुम्हाला भेटायला! शंभर योजनांवरून सहज! हे वाचताना मुलं गडाबडा लोळतात. ज्या पुस्तकात हा विनोद नाही ते रडकं पुस्तक आहे.

एका आईनं मघाशी चिठ्ठी पाठवली आहे: व्याधाचा प्रसंग मुलांना सांगावा का? बरोबर विचारलंत. रानात अजगर दमयंतीला गिळू लागतो, एक व्याध अजगराला मारून तिला सोडवतो आणि मग त्याचीच नजर फिरते. ती त्याला शाप देते, तो मरून पडतो. माझं मत सांगते, तुम्हाला पटेलच असं नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाला नको. नऊ-दहाच्या पुढे जरूर सांगा, एकाच वाक्यात सांगा: ज्यानं वाचवलं तोच वाईट वागू लागला, आणि तिनं त्याला जुमानलं नाही. व्याधाचा राक्षस करू नका. मदत करणारा माणूस प्रत्येक वेळी चांगलाच असतो असं नाही, ही आज मुलींना आणि मुलांनाही सांगण्याची गोष्ट आहे, आणि ती या जुन्या कथेत आयती आहे.

चित्रांबद्दल एकच. बाहुक बघा. आखूड हातांचा, बेढब झालेला नल. काही चित्रकार त्याला विदूषक करतात, नाक मोठं, दात पुढे. पण कर्कोटकाचं विष नलाला छळत नाही, ते आतल्या कलीला छळतं, आणि हे रूप म्हणजे नलाला लपायला दिलेली जागा आहे. बाहुकाचे डोळे नलाचेच काढलेले असतील, तर तो चित्रकार शहाणा.

भाषेचं मी दुकानातच करते, ओठ हलवत एक पान वाचून बघते. लोक बघतात, बघू दे. जिथे दम लागतो ते वाक्य मराठी नाही. 'तो दुःखाने भरून गेला' असं आमच्याकडे कुणी होत नाही, आमच्याकडे जीव गलबलतो, पोटात कालवतं. 'द्यूत' असलं तरी चालेल, शेजारी 'फासे' असावेत. पुष्कळ पालक म्हणतात, आमचा मुलगा इंग्रजी शाळेत आहे, त्याला जोडाक्षरं जड जातात, इंग्रजीतलंच पुस्तक द्या. अहो, त्याला जड जातात, तुम्हाला तर नाही ना? तुम्ही वाचा, तो ऐकेल. 'कर्कोटक' आणि 'वार्ष्णेय' एकदा कानावर पडले की जीभ मागून येते. माझी आजी दुसरीसुद्धा पास नव्हती.

त्या मुलीचं राहिलं. ती इथे आजोबांकडे राहते, दीड-दोन वर्षं झाली. कारण मला माहीत आहे, ते इथे सांगायचं नाही. तिनं तो प्रश्न विचारला तेव्हा माझ्याकडे उत्तर होतं, पण हातात पुस्तक चुकीचं होतं, आणि मुलं पुस्तकावर विश्वास ठेवतात. पुढच्या शनिवारी मी घरातलं जुनं, पिवळं पडलेलं, एकही रंगीत चित्र नसलेलं पुस्तक नेलं. त्यात रथ होता, वार्ष्णेय होता, मावशीला विचारलेला प्रश्न होता. मुलं नलाला भेटतात तिथे आले तेव्हा ती म्हणाली, थांबा, हे पुन्हा वाचा. पुन्हा वाचलं. मग तिनं विचारलं, इंद्रसेना किती वर्षांची होती? तेवढं पुस्तकात नव्हतं. मी म्हटलं, तुझ्याएवढी असेल.

पुस्तक ती घरी घेऊन गेली. परत करायची तारीख उलटून तीन आठवडे झाले आहेत. वाचनालयाचा नियम दिवसाला एक रुपया दंडाचा आहे, तो मी भरते आहे.